टेकडीवर सायकलवाट करायची असेल, तर ती वाटच राहू द्या

प्रति,
मा. उपवनसंरक्षक, पुणे वन विभाग,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका,
तसेच वेताळ टेकडीवर चालणारे आणि सायकल चालवणारे सर्व नागरिक

विषय : वेताळ टेकडीवर माउंटन बाईकसाठी स्वतंत्र वाट आखण्याच्या प्रस्तावाबाबत

महोदय,

वेताळ टेकडीवर माउंटन बाईकसाठी स्वतंत्र वाट आखावी की नाही, या चर्चेत फार लवकर दोन तट पडले आहेत. सायकलस्वाराने बाजू मांडली की त्याला टेकडीची पर्वा नाही असे गृहीत धरले जाते, आणि कोणी शंका काढली की त्याला तरुणांचे खेळणे खुपते असे म्हटले जाते. मी या टेकडीवर अनेक वर्षे चालते आहे, सायकलही चालवते आहे, आणि माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या गावांमध्ये पाणलोटाच्या कामावर गेली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे मला एवढेच सांगायचे आहे की सायकलवाटेला माझा विरोध नाही. मात्र ती योग्य जागी, हाताने घडवलेली, मातीची आणि अरुंद असली पाहिजे, आणि तिच्या निमित्ताने टेकडीवर एक घमेलेभरही सिमेंट चढता कामा नये.

वेताळ टेकडी ही शहराच्या हद्दीतल्या सर्वांत उंच जागांपैकी एक आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. लॉ कॉलेज, चतुःशृंगी, गोखलेनगर, पाषाणची पंचवटी, कोथरूडकडची केळेवाडी अशा सर्व अंगांनी तिच्यावर वाटा चढतात आणि त्या वाटांवर आजही सायकली येतात. रविवारी सकाळी तर त्यांचे जथे येतात. त्यांच्यासाठी आखलेली वाट नसल्यामुळे ते मिळेल त्या पायवाटेने उतरतात, आणि उतरण्यात मजा आहे म्हणून साहजिकच अधिक उभी वाट शोधतात. प्रस्ताव फेटाळला म्हणून या सायकली थांबतील असे मला वाटत नाही, आणि मंजूर केला म्हणून त्या आपोआप शहाण्या होतील असेही वाटत नाही. म्हणून मंजुरी आणि नामंजुरीच्या आधी टेकडीवर आज काय घडते आहे, ते जमिनीवर जाऊन पाहावे लागेल.

गोखलेनगरच्या बाजूने वर येताना, पठार लागायच्या जरा आधी, एक वाट उताराच्या रेषेत सरळ खाली जाते. पावसाळा संपल्यावर तिथे उभे राहिले की वाटेच्या मधोमध गुडघ्याइतकी खोल घळ दिसते, तळाला पिवळसर मुरूम उघडा पडलेला असतो आणि कडेला झाडांची मुळे लोंबत असतात. चालणारे ती घळ टाळून कडेने जातात, मग कडेचे गवत तुडवले जाऊन मरते, मग पुढच्या पावसात तिथूनही पाणी धावू लागते. अशा रीतीने त्या एका वाटेच्या शेजारी आता आणखी वाटा पडल्या आहेत. पुण्यात वर्षाकाठी सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. काळ्या पाषाणावर मुरमाचा आणि मातीचा जेमतेम वीतभर थर असलेल्या या उतारांवर एका जोरदार सरीने जेवढी माती जाते, ती पुन्हा तयार व्हायला कित्येक पिढ्या लागतात.

याच उतारावर समतल चर, म्हणजे पावसाचे पाणी अडवून जिरवण्यासाठी उताराला आडवे काढलेले चर, खोदलेले आहेत. चराच्या खालच्या अंगाला मातीचा जो बांध असतो, तो सायकलने उडी मारायला सोयीचा वाटतो, आणि त्यावरून चाके सतत गेली की बांधाला खाच पडते. पाहणाऱ्याला ती किरकोळ वाटेल, पण चरात साठलेले सगळे पाणी आधी त्या खाचेतून निसटते आणि पन्नास फूट लांबीवर जिरायचे ते एकाच जागी उताराला लागते. खाच पडलेला चर हा चर नसण्यापेक्षा वाईट, हे पाणलोटाच्या कामावरचा कुठलाही मुकादम सांगेल. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीच्या पुरात आंबिल ओढ्याने शहराच्या दक्षिण भागात काय केले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तो ओढा वेताळ टेकडीचा नव्हे, कात्रजकडचा आहे. परंतु टेकड्यांवर न जिरलेले पाणी शेवटी कोणाच्या तरी घरात शिरते, हे त्या रात्रीने पुरेसे स्पष्ट केले आहे.

इथे सायकलस्वारांच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चाकामुळे पायापेक्षा जास्त माती सुटते असे जे सर्रास बोलले जाते, त्याला अभ्यासाचा आधार मिळत नाही. अमेरिकेतील मोंटाना राज्यात विल्सन आणि सेनी यांनी केलेला आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. डोंगरातल्या ओल्या वाटांवर घोड्यांच्या टापा आणि माणसांचे पाय हे चाकांपेक्षा अधिक माती सुटी करतात, असे त्यात आढळले. मात्र चाकाचा दोष वेगळा आहे. पाऊल तुटक ठसे सोडते आणि चाक अखंड रेघ ओढते; उतारावर ब्रेक दाबून घसरत आणलेले चाक तर नांगराच्या तासासारखी रेघ पाडते, आणि वरून येणाऱ्या पाण्याला ती आयती वाट मिळते. म्हणजे नुकसान किती होईल हे सायकलपेक्षा वाट कुठल्या अंगाने काढली आहे आणि ती कुठल्या ऋतूत वापरली जाते यावर जास्त ठरते.

चांगली माउंटन बाईक ट्रेल कशी बांधतात याचे शास्त्र आता जगभर रुळलेले आहे, आणि आनंदाची गोष्ट अशी की ते आपल्या पाणलोटाच्या शास्त्राशी फार जवळचे आहे. वाट डोंगराच्या उताराला आडवी काढायची, उभी कधीही नाही. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा, म्हणजे डोंगराचा उतार वीस टक्के असेल तर वाटेचा चढ दहा टक्क्यांच्या आतच राहावा, आणि एकंदर वाटेची सरासरीही दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये. वाटेची दरीकडची कड जराशी खाली ठेवायची, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता ती ओलांडून पसरत खाली जाते. आणि दर काही अंतरावर उतरत्या वाटेला मुद्दाम थोडासा उलटा चढ द्यायचा, म्हणजे चुकून वाटेवर आलेले पाणी तिथे अडते आणि बाहेर पडते. अशी वाट मीटरभरापेक्षा रुंद असण्याची गरज नसते. ती टिकाव, फावडे आणि घमेल्याने करता येते, आणि एक पावसाळा गेल्यावर दुरून दिसतही नाही. जेसीबी आणला की हे सगळे संपते, कारण जेसीबीला स्वतःला फिरायला जेवढी जागा लागते तेवढी रुंद वाट तो टेकडीच्या अंगात कापतो.

हे सांगण्याचे कारण असे की माझी खरी भीती सायकलची नाही, कामाची आहे. सार्वजनिक जागेवर एखादी साधी सोय मंजूर झाली की पुढे काय काय होते, हे पुणेकर वर्षानुवर्षे पाहत आले आहेत. आधी मातीची वाट मंजूर होते. मग चिखल होतो म्हणून पेव्हर ब्लॉक येतात. मग कडेला रेलिंग, मग उद्घाटनाच्या फलकासाठी कमान, मग पहाटे अंधार असतो म्हणून दिवे, मग दिव्यांच्या केबलसाठी खोदाई, आणि ही केबल चोरीला जाऊ नये म्हणून चौकी. प्रत्येक टप्प्याला सुशोभीकरण म्हणतात आणि प्रत्येक टप्प्यामागे कोणाचा तरी चांगला हेतू असतो. शेवटी हाती येतो तो टेकडीवरचा रस्ता, आणि जिथे रस्ता असतो तिथे दुचाकी पोहोचते. टेकडीवरून जाणारा प्रस्तावित बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीखालचे प्रस्तावित बोगदे यांच्या विरोधात २०२३ मध्ये नागरिक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, ते आठवत असेल. त्या लोकांना आता सायकलवाटेतही रस्त्याची चाहूल लागत असेल, तर तो अविश्वास अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. तो दूर करायचा असेल तर प्रस्तावात काय करणार याच्या आधी काय कधीही करणार नाही ते लेखी यायला हवे.

कायद्याची बाजूही याच कारणाने महत्त्वाची आहे. टेकडीचा मोठा भाग वनजमीन आहे. तिथे भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि वन संवर्धनाचा १९८० चा कायदा लागू होतो. १९८० च्या कायद्यात २०२३ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे वन विभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या व्यवस्थापनाच्या आराखड्यात, समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयींना वनेतर वापरातून वगळण्याचा मार्ग खुला झाला आहे. हा मार्ग वापरायचा असेल तर तो उघडपणे वापरावा, आणि कार्य आयोजनेत नेमके काय लिहिले जाणार आहे ते आधी नागरिकांसमोर ठेवावे, अशी माझी विनंती आहे. वेताळ टेकडीवर जो पायंडा पडेल तोच उद्या बाणेर, तळजाई आणि पाचगाव पर्वतीला लागू केला जाईल. १९९७ च्या हद्दवाढीतून महापालिकेत आलेल्या तेवीस गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. तिथल्या जागांवर डोळा ठेवून असलेल्यांना असा पायंडा हवाच असणार.

आता जागेबद्दल. टेकडीवरचा गवताळ माळ हा रिकामा आहे असे समजण्याची चूक आपण सारेच वारंवार करतो. कोणाला तिथे झाडे लावावीशी वाटतात, कोणाला सायकली फिरवाव्याशा वाटतात. कुसळी आणि पवन्यासारख्या गवतांचा तो माळ टेकडीचा सर्वांत जुना आणि सर्वांत नाजूक भाग आहे. रातवा या पक्ष्याला घरटे बांधायची सवयच नाही. मादी उघड्या जमिनीवर, दगडगोट्यांच्या आणि पाचोळ्याच्या रंगात मिसळून जाणारी अंडी घालते आणि त्यांच्यावर इतकी निश्चल बसते की दोन पावलांवरूनही दिसत नाही. टिटवी मुरमाच्या खळग्यात अंडी घालते. चंडोल गवताच्या बुंध्याशी घरटे करतो. या साऱ्यांचा विणीचा काळ बहुतांशी उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात असा आहे, आणि नेमका त्याच दिवसांत, उकाड्यामुळे, काही सायकलस्वार पहाटेच्या अंधारात हेडलॅम्प लावून माळावरून जातात. चालणाऱ्याच्या पायाजवळून रातवा फडफडत उठतो आणि आपण थबकतो. वीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्याला थबकता येत नाही.

म्हणून सायकलवाट माळावर नको, आणि सालई, मोई, गणेर यांच्यासारखी मूळची झाडे जिथे खडकाळ उतारावर टिकून आहेत तिथेही नको. टेकडीवर अशी जागा आहे जिथे वाटेने फारसे बिघडणार नाही, आणि ती म्हणजे गिरिपुष्पाच्या लागवडीचे पट्टे. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड कित्येक दशकांपूर्वी पुण्याच्या टेकड्यांवर मोठ्या प्रमाणावर लावले गेले. आज त्याच्या दाट सावलीखाली मूळचे गवत फारसे उगवत नाही. या पट्ट्यांमधून, आडव्या अंगाने, जुन्या खाणीच्या काठापासून पुरेसे अंतर ठेवून वाट नेता येईल. खाणीचा काठ कच्चा आहे आणि खाली पाणी खोल आहे, तेव्हा हे अंतर आखणीतच ठरले पाहिजे, नंतर फलक लावून भागणार नाही. वाटेसाठी जी गिरिपुष्पे काढावी लागतील त्यांच्या जागी स्थानिक झाडे आणि गवत वाढू दिले, तर वाटेमुळे टेकडीचे थोडे भलेही होईल. पण त्यासाठी वनस्पती आणि पक्षी ओळखणाऱ्या माणसांनी प्रत्येक वळण पायी पाहिले पाहिजे. उपग्रहाच्या चित्रावर रेघ ओढून ते होणार नाही.

चालणाऱ्यांच्या तक्रारीला मी छोटी मानत नाही. सत्तरीच्या माणसाच्या मागून काही चाहूल न देता सायकल आली तर तो दचकून बाजूला होतो, आणि टेकडीवर बाजूला म्हणजे अनेकदा उतारावर. दोन वाटा जिथे एकमेकींना ओलांडतील तिथे सायकलवाटेला आधीच चढ देऊन वेग तोडावा आणि तिथली झुडपे कापून दोन्हीकडून दिसेल असे करावे. सायकलवाट एकाच दिशेने चालवावी. आणि जुन्या पायवाटांवर चालणाऱ्याला पहिला हक्क असावा, सायकलवाल्याने थांबावे, उतरावे, पुढे जाऊ द्यावे. चांगले सायकलस्वार आजही हे करतात. न करणारे थोडे असतात, पण टेकडीवर सायकलची प्रतिमा ठरते ती त्यांच्यामुळेच.

माझ्या सायकलस्वार मित्रांना म्हणूनच दोन गोष्टी सोडायला सांगते आहे, आणि त्या अवघड आहेत याची मला कल्पना आहे. पहिली, पावसाळा. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसापासून ते परतीचा पाऊस संपून वाट वाळेपर्यंत टेकडीवर सायकल न्यायची नाही. हिरव्या टेकडीवर चिखलातून सायकल हाणण्याची हौस मला समजते, परंतु एका ओल्या सकाळच्या वीस सायकली वर्षभराची डागडुजी वाया घालवू शकतात. दुसरी, उभ्या वाटा. नवी वाट मिळाली की जुन्या उभ्या उतारांवर काटेरी फांद्या टाकून, आडवे दगड लावून त्या बंद करायच्या, आणि त्या उघडायच्या नाहीत. नवी वाट ही जुन्यांच्या जागी आली तरच तिला अर्थ आहे. त्यांच्यात आणखी एकीची भर पडणार असेल तर मी स्वतः या प्रस्तावाच्या विरोधात उभी राहीन. चरांचे फुटलेले बांध दुरुस्त करण्याच्या श्रमदानाला सर्वांत आधी सायकलस्वार आले, तर अर्धा विरोध तिथेच मावळेल असे मला मनापासून वाटते.

या सगळ्या चर्चेत ज्यांना कोणी विचारलेच नाही अशी माणसे टेकडीच्या पायथ्याशी राहतात. गोखलेनगर आणि जनवाडी या वस्त्या १९६१ च्या पानशेत पुरात घरे गेलेल्या लोकांच्या पुनर्वसनातून उभ्या राहिल्या. तिथल्या आणि केळेवाडीतल्या बायका आजही वाळक्या फांद्यांची मोळी डोक्यावर घेऊन टेकडी उतरतात, आणि तिथली मुले एकच ब्रेक लागणाऱ्या जुन्या सायकली घेऊन टेकडीवर जातात. मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईला नागमोडी लांबची वाट परवडत नाही. उभ्या वाटा बंद करताना तिच्या वापरातल्या वाटा कोणत्या हे तिलाच विचारून ठरवले पाहिजे आणि त्यांना दगडी पायऱ्यांचा साधा आधार दिला पाहिजे. मुलांच्या बाबतीत माझे म्हणणे त्याहून ठाम आहे. सायकलवाटेवर प्रवेश शुल्क, सदस्यत्व, ऑनलाइन नोंदणी यांतले काहीही नको. सार्वजनिक जमिनीवर लाखाच्या सायकलला जागा आणि हजाराच्या सायकलला मज्जाव, असे या टेकडीवर होता कामा नये. सायकलस्वार मंडळी हौशीने हेल्मेट आणि ब्रेकचे भाग जमवून या मुलांना देतील तर ते वाटेइतकेच मोलाचे काम ठरेल.

वन विभाग आणि महापालिका या दोघांकडे मी मागते आहे ते फारसे खर्चाचे नाही. येत्या पावसाळ्याआधी टेकडीवरच्या सर्व अस्तित्वातल्या वाटांचा, घळींचा आणि फुटलेल्या चरांचा नकाशा पायी फिरून तयार करावा आणि तो मराठीत, सर्वांना पाहता येईल अशा रीतीने प्रसिद्ध करावा. त्यावर सुचवलेली आखणी दाखवावी, आणि तीच आखणी जमिनीवर बांबूच्या खुंट्या ठोकून उभी करावी, म्हणजे ज्याला आक्षेप घ्यायचा आहे त्याला खुंटीपाशी उभे राहून घेता येईल. खुंट्या एक पूर्ण पावसाळा तशाच राहू द्याव्यात आणि त्यांच्याखालून पाणी कसे वाहते ते पाहूनच आखणी पक्की करावी. काम मंजूर झाल्यास ते यंत्राविना आणि सिमेंटविना होईल, दिवे, कमान, रेलिंग आणि दुकान यांपैकी काहीही नंतरही येणार नाही, सूर्यास्त ते सूर्योदय सायकलबंदी राहील आणि दोन वर्षांनी घळी वाढलेल्या आढळल्यास वाट बंद करून जमीन पूर्ववत केली जाईल, या अटी मंजुरीच्या आदेशातच असाव्यात.

आखणीच्या पाहणीला चालणारे, सायकलस्वार, पक्षी आणि वनस्पतींचे जाणकार आणि पायथ्याच्या वस्त्यांमधल्या बायका या सर्वांना एकाच दिवशी एकत्र बोलवावे. दिवस सुट्टीचा ठेवावा आणि त्याची सूचना किमान पंधरा दिवस आधी टेकडीच्या प्रत्येक प्रवेशाशी लावावी. चरांच्या दुरुस्तीचे तांत्रिक काम मी विनामोबदला करायला तयार आहे. त्यासाठी वन विभागाने कधीही बोलवावे.

कळावे.

आपली विश्वासू,
गोखलेनगर येथील एक रहिवासी
पुणे